सीआरझेड, कांदळवन, एलईडी: कायदे ढीगभर, लक्ष कोणाचं?

खाडीपलीकडे

लोकहो, धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून थोडं आत, खाडीच्या काठाला. मे महिन्यात गावी गेले तेव्हा खाडीच्या वळणावर, जिथे चिपी आणि तिवराची दाट झाडी, म्हणजे कांदळवन (खारफुटी) होतं, तिथे मुरूम टाकून सपाटी केलेली दिसली. डंपरच्या चाकोऱ्या ताज्या, कडेला जांभ्याचे चिरे रचलेले, आणि भरावाच्या तोंडाशी चिपीची ती चिखलातून वर येणारी टोकदार मुळं अर्धी मुरमात गाडलेली. गावात विचारलं तर "पुण्याचे कोणी आहेत, प्लॉट पाडतायत" एवढंच कळलं.

त्याच आठवड्यात आमच्या काकांनी पडवीच्या दुरुस्तीसाठी दिलेला अर्ज परत आला. परत म्हणजे तोंडी परत. "तुमचं घर सीआरझेडात येतं, वर पाठवावं लागेल." सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, समुद्र-खाडीकाठचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा. पण वर म्हणजे कुठे, किती दिवसांत, काही नाही. घर पणजोबांच्या काळचं, भिंती मातीच्या, पावसाळा तोंडावर.

म्हणून वाचायला बसले. इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवा असं कळवलं. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ ला पहिली सीआरझेड अधिसूचना निघाली. मग २०११ ची, मग त्या नियमांचा आढावा घेणारी शैलेश नायक समिती, मग १८ जानेवारी २०१९ ची, जी आता चालते. मधल्या दुरुस्त्या मोजायच्या भानगडीत पडले नाही. शिवाय कांदळवनांवर हायकोर्टाचा निकाल आहे, मासेमारीचा राज्याचा १९८१ चा कायदा आहे, वन्यजीव कायदा आहे.

एवढं असून मुरूम पडला आणि पडवी अडली. हे असं का होतं, आणि बघायचं काम नेमकं कोणाचं? जाणकारांनी लिहा. "सगळे विकले गेलेत" छापाचे प्रतिसाद नकोत, ते मलाही सुचतात.

टवाळ_कासव

सगळे विकले गेलेत.

(मोह आवरला नाही. वाचतोय.)

नकाशेवाला

मी नकाशांच्या कामात आहे, सरकारी नाही. तुमचा मामला खाडीचा, म्हणून तेवढंच लिहितो.

खाडीकाठाला २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते धरायचे. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. खाडी कुठवर धरायची? वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्याचा खारेपणा हजार भागांत ५ भाग असतो तिथवर. आणि भरतीरेषा म्हणजे रोजची भरती नव्हे, उधाणाचं पाणी जिथवर चढतं ती रेषा.

आता खरी गंमत. किनारा व्यवस्थापन आराखडा १:२५,००० च्या प्रमाणात असतो. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. ५० मीटरचा अख्खा पट्टा कागदावर दोन मिलिमीटर. बॉलपेनची रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली तरी तीच साडेबारा मीटर खाते. कोकणातलं खळं, पडवी, ओटी, माजघर आणि मागची न्हाणी त्या रेघेखाली मावतात. म्हणूनच अधिसूचनेत गावपातळीच्या, साधारण १:४,००० च्या नकाशांची तरतूद आहे, त्यावर सर्व्हे नंबर दिसतात आणि ५० मीटर साडेबारा मिलिमीटर होतात. काकांचं घर पट्ट्यात येतं असं कोणी मोठ्या नकाशावर बोट ठेवून सांगत असेल, तर तो अंदाज सांगतोय. कोणता नकाशा बघितला ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

सई_कर्वेनगर

मी ती "पुण्याची कोणी" नाही, पण आम्हीही दापोलीकडे प्लॉट बघतोय, म्हणून धागा डोळे मोठे करून वाचतेय. एजंट म्हणतो, "मॅडम, २०१९ नंतर सीआरझेड फक्त ५० मीटर." खरं आहे का?

नकाशेवाला

अर्धं. ५० मीटर हा ना-विकास पट्टा, आणि तोही दोनच ठिकाणी: खाडीकाठी, आणि जिथे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे अशा ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड ३-अ. बाकीचं ग्रामीण ३-ब, तिथे समुद्राच्या बाजूला २०० मीटर कायम आहेत. नारळी-पोफळीच्या आगरांच्या गावात एवढी दाटी असेल का, हे एजंटलाच विचारा. आणि ना-विकास पट्टा संपला म्हणजे सीआरझेड संपला असं नाही, समुद्राकडून ५०० मीटरपर्यंत नियम लागतातच.

सई_कर्वेनगर

विचारते. फोन उचलला तर.

मुद्देसूद

वकिलीच्या बाजूने लिहितो. सल्ला फुकट आहे, त्या किमतीचाच समजा.

पडवी: ना-विकास पट्ट्यातही आधीपासूनच्या अधिकृत घराची दुरुस्ती करता येते, जोतं आणि क्षेत्र वाढवलं नाही तर. शिवाय २०१९ च्या अधिसूचनेत, स्वतः राहण्याचं ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर स्थानिक प्राधिकरणानेच नियम तपासून परवानगी द्यायची, राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, असं सरळ लिहिलं आहे. तेव्हा "वर पाठवावं लागेल" हे त्यांनी लेखी द्यावं. तोंडी नकारावर अपील होत नाही, आणि ते द्यायचं नसतं म्हणूनच तो तोंडी असतो. काकांना म्हणावं, घरपट्टीच्या जुन्या पावत्या जोडा, पोच घ्या.

मुरूम: हे जास्त गंभीर आहे. कांदळवन सीआरझेड १-अ मध्ये, सगळ्यात कडक वर्गात. सलग क्षेत्र १,००० चौरस मीटरहून जास्त असेल तर भोवती ५० मीटर राखीव. १७ सप्टेंबर २०१८ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल तर म्हणतो की कांदळवन तोडणं हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, खासगी जमिनीवरचं असलं तरी, आणि जिथे तोडलं तिथे पुन्हा उभं करायची जबाबदारी सरकारची. देखरेखीला कोकण विभागीय आयुक्तांची समितीही त्यातलीच.

आता कटू भाग. पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून १० हजार ते १५ लाख रुपये दंड ठेवला, १ एप्रिल २०२४ पासून लागू. कैद फारशी कोणाला होत नव्हती हे खरं. पण समुद्रकाठचे प्लॉट पाडणारा १५ लाख हा खर्चाच्या यादीत एक ओळ म्हणून लिहितो. नोटिशीत तुरुंग हा शब्द असला की निदान काम थांबायचं.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. अर्जाची मुदत कारण घडल्यापासून सहा महिने. मे महिना लक्षात ठेवा.

खारकर

थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका.

आम्ही अलिबाग तालुक्यातले. आमची खारी शेती. समुद्राच्या बाजूने मातीचे बांध, आत भात. बांध सांभाळण्यासाठी १९७९ चा खारभूमी विकास कायदा आहे, म्हणजे आमच्यासाठीही कायदा आहेच. झालं काय, की उधाणाने बांधाला खांड गेली, अर्ज केले, कोणी बुजवली नाही. दोन-चार पावसाळ्यांत खारं पाणी शेतात मुरलं, भात गेला, आणि तिवरं उगवली. आता तीच तिवरं कांदळवन म्हणून मोजली गेली. सातबारा आमच्या नावावर, आणि बांध घालायला गेलो तर गुन्हा आमच्यावर.

आम्ही झाडाच्या विरुद्ध नाही. तिवरं किनारा धरून ठेवतात, चिंबोऱ्या तिथेच वाढतात, हे आम्हाला शाळेत शिकवावं लागलं नाही. पण ज्या खात्याने खांड बुजवली नाही त्याला कोणी विचारत नाही, आणि उपग्रहाच्या फोटोत हिरवं दिसलं की आमचं शेत गेलं. देखरेख वरूनच करायची म्हटली की असं होतं. वरून भात आणि तिवर वेगळं दिसतं, पण भाताचं तिवर कोणामुळे झालं ते दिसत नाही.

खाडीपलीकडे

@खारकर, राग कसला. हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे खाजण म्हणतात त्या जमिनी, तिथेही असंच झालेलं आता आठवतंय. पण मग डंपरवालाही उद्या "माझं जुनं शेत होतं" म्हणेल ना?

खारकर

म्हणेलच. फरक शोधायचा तर गावात येऊन विचारावं लागतं. कोणाच्या शेतात कोणत्या साली खांड गेली हे गावातलं पोरगंही सांगेल.

रापणकर

मालवणात्सून बोलतंय. कायदो आसा, पण दर्यात बघता कोण?

बाकीचं सगळ्यांना समजेल असं लिहितो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याचा, त्याच्या पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. राज्याच्या हद्दीत ठिकाण बघून ५ ते १० वावांच्या (वाव म्हणजे पाण्याच्या खोलीचं माप) आत ट्रॉलिंगला, म्हणजे बोटीमागे जाळं ओढत नेण्याला बंदी, सहा सिलिंडरच्या वरच्या इंजिनाला बंदी, १ जून ते ३१ जुलै सगळ्याच यांत्रिक नौकांना बंदी. २०१६ पासून पर्ससीनवर, म्हणजे थव्याभोवती फिरवून आवळायच्या मोठ्या जाळ्यावर मर्यादा. एलईडी लावून मासे पकडायला केंद्राची बंदी १० नोव्हेंबर २०१७ पासून. पाठ आहे सगळं, कारण आमची पोरं हेच आकडे घेऊन मोर्चे काढतात.

आता एलईडीचं काम कसं चालतं ते ऐका. एक होडी फक्त उजेडाची. तिच्यावर जनरेटर, बाजूला दिवे, काही थेट पाण्याखाली सोडलेले. रात्री उजेड केला की बांगडा, म्हाकूल खालून वर येतो, आजूबाजूच्या पाण्यातलं सगळं त्या एका उजेडाखाली गोळा होतं. मग दुसरी पर्ससीनवाली येते आणि भोवती जाळं फिरवते. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढायला आम्ही वीस-पंचवीस माणसं दोरीला लागतो आणि हाती केंड (खायला न चालणारा मासा) आणि कचरा.

पूर्वी दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीच्या पाचपट, आणि दावा तहसीलदारांपुढे चालायचा. म्हणजे मासळी आधीच दुसऱ्या होडीत दिली की दंड किती? विचार करा. २०२१ च्या दुरुस्तीने हे बदललं. निकाल मत्स्य खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आला, एलईडी आणि बुल ट्रॉलिंगला (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं) दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत. कायदा चांगला झाला, नाही म्हणत नाही. पण गस्त कशाने? भाड्याच्या लाकडी ट्रॉलरने. परराज्यातला हायस्पीड ट्रॉलर त्याला वळसा घालून निघून जातो, वर हात दाखवून.

टवाळ_कासव

जानेवारी २०२५ मध्ये ड्रोन आले ना? नऊ ठिकाणांहून उडवणार असं वाचलं होतं, मिरकरवाडा, देवगड वगैरे.

रापणकर

आले. चांगलीच गोष्ट. ज्याच्या विरुद्ध पूर्वी "तुमच्याकडे पुरावा काय" म्हणायचे त्याचा फोटो तरी मिळतो. पण ड्रोन दाखवील, पकडायला बोट लागते. आणि वारा सुटला की ड्रोन घरात, एलईडीवाला समुद्रात.

सांताक्लारा_देशपांडे

इथे कॅलिफोर्नियात १९७६ चा किनारा कायदा आहे. त्याच्या आधी १९७२ मध्ये लोकांनी मतदान करून किनारा आयोग आणला. त्या आयोगाची बैठक दर महिन्याला, आणि दर वेळी वेगवेगळ्या किनारी गावात भरते. मी एकदा सहज जाऊन बसलो होतो. कोणीही नाव देऊन माईकवर बोलू शकतं. एका बाईंनी समुद्राकडे जाणारी पायवाट शेजाऱ्याने फाटक लावून बंद केली यावर तावातावाने भाषण केलं, आणि आयोगाने ते नोंदवून घेतलं. आपल्याकडे असं काही का नाही?

रापणकर

आमच्याकडे बैठक मुंबईक. मालवणातल्या माणसाने रात्रीची गाडी पकडायची, एक दिवसाचा दर्या बुडवायचा, आणि तिथे गेल्यावर कळणार की विषय पुढच्या बैठकीत.

मुद्देसूद

खरं तर आहे, कोणी वापरत नाही. अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक किनारी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तिच्यात पारंपरिक किनारी समाजाचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी असलेच पाहिजेत. "असावेत" नाही, असलेच पाहिजेत. राज्य प्राधिकरणाला देखरेखीत मदत करणं हेच तिचं काम.

या धाग्यावर किनारी जिल्ह्यांतले किती जण आहेत? आपल्या जिल्ह्यातले हे तीन प्रतिनिधी कोण ते कोणी सांगू शकेल? (इथे नावं लिहू नका, फक्त माहीत आहेत का ते सांगा.)

खारकर

नाही.

रापणकर

नाय.

वेसावकर

नाही. आणि मी मच्छीमार सोसायटीत पंधरा वर्षं आहे.

आलोच आहे तर लिहितो. मुंबईत काय वेगळं? कोस्टल रोडची सीआरझेड मंजुरी १६ जुलै २०१९ ला हायकोर्टाने रद्द केली. डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली आणि भराव पुन्हा चालू. मार्च २०२४ मध्ये रस्ता सुरूही झाला. समुद्रात भर टाकून रस्ता करता येण्याची सोय डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीने आधीच करून ठेवली होती. कायद्याने रस्ता अडवला नाही, कायद्यालाच वळण दिलं.

पण एक गोष्ट सांगण्यासारखी. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर काढायची वाट पुलाच्या खांबांमधून जाणार होती, दोन खांबांमध्ये ६० मीटर. कोळी म्हणाले, वाऱ्याने होडी आडवी झाली, खाली खडक, तर ६० मीटरमध्ये फुटणार, २०० द्या. इंजिनिअर म्हणाले ६० भरपूर. समुद्रात होड्या आडव्या लावून काम अडवलं तेव्हा कुठे १२० वर आले. ही वाट कुठे वळते, खडक कुठे आहे, हे मंजुरीच्या जाडजूड अहवालात पहिल्यापासून असतं तर भांडणच झालं नसतं.

आणि नकाशेवाले, कोळीवाड्यांचं बोला की. २०११ च्या अधिसूचनेत मुंबईतले कोळीवाडे वेगळे दाखवून सीआरझेड ३ म्हणून राखा असं होतं. जाळी वाळवायची जागा, होडी शाकारायची जागा, बोंबील वाळवायच्या वलांडी, हे नकाशावर "मोकळी जागा" म्हणून दिसतं. मोकळी जागा म्हटली की कोणाला काय सुचतं ते सगळ्यांना माहीत आहे.

नकाशेवाला

@वेसावकर, मान्य. रिकामी दिसते ती जागा नकाशात रिकामीच रंगवली जाते. मसुदा नकाशे जाहीर झाल्यावर हरकती मागवतात, तेव्हा हे लिहून द्यायची वेळ असते. पण नकाशा इंग्रजीत, वेबसाइटवर, फाइल उघडता उघडता मोबाइल बंद पडेल एवढी मोठी. ज्याची वलांड आहे तो तिथवर पोचतच नाही.

हायवे_ते_हार्बर

विकास नकोच का मग? कोस्टल रोडने माझा तास वाचतो. बंदरं नकोत, रस्ते नकोत, मग रोजगार येणार कुठून? कोळीबांधवांच्या पोरांनाही नोकऱ्या हव्यातच ना.

वेसावकर

तुमचा तास वाचला, आनंद आहे. आम्ही ६० मीटरच्या खांबाबद्दल बोलत होतो.

टवाळ_कासव

पडवीचा विषय आहे म्हणून एक हिशेब. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून त्याच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये वाढवण बंदराला ना-हरकत दिली. ७६,२२० कोटींचं बंदर, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन. बरोबर की चूक ते कोर्ट बघेल. मी एवढंच म्हणतोय की १,४४८ हेक्टरचा कागद हलला आणि पडवीचा हलला नाही, तेव्हा "सीआरझेड फार कडक आहे" हे वाक्य कोणासाठी खरं आहे ते तपासून घ्या.

धागा_व्यवस्थापक

वरचे तीन प्रतिसाद काढले आहेत. नेत्यांच्या बंगल्यांची यादी या धाग्यावर नको. विषय किनाऱ्याचा आहे.

पणजीचो_पावणो

गोंयातसून नमस्कार. आमच्याकडे प्रत्येक भांडणाचा पहिला प्रश्न एकच: १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधी होतं की नाही? मग लोक जुनी घरपट्टी, जुनं लायसन, लग्नातला फोटो, ज्यात मागे भिंत दिसते, सगळं घेऊन सुनावणीला येतात. खरं-खोटं करण्यात वर्षं जातात. शॅकचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलांचं म्हणाल तर २०१९ च्या नियमात भरतीरेषेपासून १० मीटर सोडून तात्पुरती सोय करता येते. तात्पुरती म्हणजे पावसाळ्याआधी काढायची. काहींच्या तात्पुरत्याला खाली काँक्रीट असतं.

पण एक फरक जाणवतो. इथे गावातला कोणीही उठून तक्रार करतो, आणि तक्रार झाली की सुनावणी लागते. लोकांना कुठे जायचं ते माहीत आहे.

खाडीपलीकडे

@पणजीचो_पावणो, हेच. @खारकर खांडीबद्दल बोलले, @वेसावकर खडकाबद्दल, @रापणकर दिव्यांबद्दल. तिघांचं म्हणणं मला एकच वाटतंय: जो रोज तिथे असतो त्याला आधीच दिसलेलं असतं, पण त्याचं दिसणं कुठे नोंदवायची सोय नाही. आमच्या खाडीत तिसऱ्या काढायला बायका रोज ओहोटीला उतरतात. पहिला डंपर त्यांनी बघितला. त्यांनी कोणाला सांगायचं होतं?

टवाळ_कासव

आता नावाला जागून गंभीर लिहितो.

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मारलं तर कैद. तरी जाळ्यात अडकलेलं कासव परत जाईलच असं नसायचं, कारण सोडवायचं तर जाळं कापावं लागतं आणि जाळं महाग. मच्छीमाराला कासवाचं वैर नव्हतं, खिशाचा प्रश्न होता. डिसेंबर २०१८ मध्ये वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्य खात्याने योजना काढली: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं, फोटो-व्हिडिओ दिला, तर २५ हजारांपर्यंत भरपाई. तेव्हापासून कासवं, बहिरी (व्हेल शार्क), डॉल्फिन सोडल्याचे व्हिडिओ यायला लागले. दुहेरी फायदा बघा. प्राणी सुटला, आणि कुठल्या पाण्यात कोणता प्राणी कधी सापडतो याची नोंद आपोआप जमा झाली. तीही भर समुद्रातून, जिथे कुठलंच खातं रोज जात नाही.

वेळासलाही २००२ पासून घरटी राखली ती चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावाला बरोबर घेऊन. अंडी चोरणारा आणि राखणारा एकाच वाडीतला असू शकतो, त्याला काय मिळतं त्यावर ठरतं.

रापणकर

हेच उलट बघायचा तर आमचा मालवण सागरी अभयारण्य. १९८७ मध्ये जाहीर केलं, २९.१२ चौरस किलोमीटर, गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी. ज्या पाण्यात आम्ही जाळी टाकतो तिथे रेघ मारली आणि आम्हाला मागाहून कळलं. तेव्हापासून अभयारण्य म्हटलं की गावात पहिला शब्द "हटाव". प्रवाळ आमच्याच दारात आहे, पर्यटक तेच बघायला येतात, राखायला आम्हीच पुढे असतो. पण सुरुवात तशी झाली ती झाली.

वेसावकर

भरपाईच्या मुद्द्याला दुजोरा. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ जातींसाठी किमान आकार ठरला. पापलेट १३५ मिलिमीटरच्या खालचं पकडायचं नाही. नियम बरोबरच आहे, पिल्लं उचलली की पुढच्या वर्षी काय खाणार? पण डोलीच्या, म्हणजे पाण्याच्या प्रवाहात लावून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या खोल्यात काय येतं ते भरतीचं पाणी ठरवतं, आम्ही नाही. आस (जाळ्याचं भोक) मोठी करायची तर नवीन जाळं, त्याचा खर्च कोण देणार? आणि बाजारात छोटं पापलेट "फ्राय पीस" म्हणून उचलणाऱ्या हॉटेलवाल्याला कोणी पट्टी लावून मोजत नाही. दंड बंदरावर, गिऱ्हाईक शहरात.

सई_कर्वेनगर

हे वाचून मागच्या महिन्यातली थाळी आठवली आणि गप्प बसले.

एजंटने फोन उचलला. गावपातळीचा नकाशा मागितला तर म्हणाला, "तो तुम्हाला कशाला?" प्लॉट सोडला.

खाडीपलीकडे

थोडी प्रगती कळवते.

काकांनी लेखी कारण मागणारा अर्ज दिला, घरपट्टीच्या पावत्या जोडल्या, पोच घेतली. पंधरवड्यात उत्तर आलं की गावपातळीचा नकाशा तपासून कळवू. म्हणजे आधी तपासलाच नव्हता. कौलं तात्पुरती ताडपत्रीखाली आहेत.

भरावाचं: तिसऱ्या काढणाऱ्या दोघींनी आणि मी मिळून तक्रार केली, मोबाइलच्या फोटोंत ठिकाण आणि तारीख येईल असं सेटिंग करून. वन खात्याची माणसं आली, जीपीएसवर कोपरे घेतले, पंचनामा केला. त्या दोघींनी पंच म्हणून सह्या केल्या. त्यातल्या एकीने भरावाखाली झाडी कुठवर होती ते चालत जाऊन दाखवलं, खाडीच्या बाजूने कडेकडेने, आणि माणूस तिच्या मागून कोपरे नोंदवत गेला. प्लॉटचा बोर्ड गायब झालाय, मुरूम तिथेच.

जिल्हा समितीतल्या प्रतिनिधींची नावं आणि गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागितली आहेत. ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे की गावाला त्या समितीपुढे बोलायला बोलवावं. शब्द कसे असावेत?

मुद्देसूद

ठरावात सर्व्हे नंबर, कांदळवनाचं अंदाजे क्षेत्र, भराव पहिल्यांदा दिसल्याचा महिना, आणि "मूळ स्थिती पूर्ववत करावी" हे चारही हवेत. नुसतं "कारवाई करावी" लिहिलं तर नोटीस काढली की कारवाई झाली. २०१८ च्या निकालाचा उल्लेख करा, प्रत जिल्हाधिकारी, राज्य किनारा प्राधिकरण आणि विभागीय आयुक्तांच्या समितीला. पंचनाम्याची सही-शिक्क्याची प्रत आजच मागून घ्या, नंतर फाइल सापडत नाही. न्यायाधिकरणात जायची वेळ आलीच तर फी हजार रुपये, आणि नोव्हेंबरच्या आत.

नकाशेवाला

जीपीएसचे कोपरे मला व्यनि करा. जुन्या उपग्रह चित्रांवर टाकून भरावाच्या आधीची झाडी किती होती ते क्षेत्रासकट काढून देतो, ठरावाला जोडता येईल. @खारकर, तुमच्या खांडीचंही साल आणि सर्व्हे नंबर पाठवा. पाणी आधी आलं की तिवर, ते त्याच चित्रांत वर्षावार दिसायला हवं.

खारकर

पाठवतो. साल २००५ च्या पुरानंतरचं आहे, नक्की वडिलांना विचारून सांगतो.